नखाएवढं पितळ

२०२५ च्या गणपतीत आमच्या घरी एका गिटारवरून वाद झाला. तसा साधाच वाद, पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा बाईंना गिटारमधलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, फारसं कळत नाही. पण वस्तूतला एक लहानसा भाग हरवला, तर तेवढाच भरून काढावा की त्या निमित्ताने सगळंच नवं करून टाकावं, हा प्रश्न गिटारवाल्यांचा एकट्याचा नाही. तो तुमच्या-माझ्या घरात रोज येतो. आणि या खेपेला त्यात माझा एक जुना हिशेबही अडकला होता. तो शेवटी सांगते.

आधी ही गिटार आमच्याकडे आली कशी ते सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून व्यापारी बोटीवर फिटर म्हणून लागला. बोटीवर गोव्याची बरीच मंडळी असायची, आणि गोव्याची माणसं म्हटल्यावर गाणंबजावणं आलंच. त्यातल्या एकाने याला बास गिटार वाजवायला शिकवली. १९८२ साली बोट जपानमधल्या कोबे बंदराला लागली असताना भावाने दोन महिन्यांचा पगार घालून स्वतःची बास विकत घेतली. यामाहाची, त्यांच्या बीबी नावाच्या मालिकेतली. ही मालिका १९७७ च्या सुमारास निघाली होती. त्या काळात परदेशी वाद्य आपल्याकडे दुकानात जाऊन घेण्याची सोय नव्हती. सांगलीत ती पेटी उघडली तेव्हा वाड्यातली सगळी पोरं जमली होती. आमचे वडील फक्त एवढंच म्हणाले, "चारच तारा? एवढ्या पैशात?"

बास गिटारला चारच तारा असतात, आणि त्याही चांगल्या जाड. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरहून थोडी अधिकच. नेहमीच्या गिटारपेक्षा तिचा आवाज एक सप्तक खाली. सुट्टीवर आला की भाऊ गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायला जायचा. गाणाऱ्यांना टाळ्या मिळायच्या, याच्याकडे कुणाचं लक्षही नसायचं. मी एकदा त्याला म्हणालेही, "अरे, तुझं तर काही ऐकूच येत नाही." तो हसला आणि म्हणाला, "ताई, मी थांबलो की ऐकू येतं." पुढच्या गाण्यात त्याने मुद्दाम दोन ओळी हात थांबवला. गाणं एकदम पोकळ झालं. त्यानंतर मी तसं कधी म्हणाले नाही.

आता ज्याच्यावरून वाद झाला त्या भागाबद्दल. गिटारच्या तारा एका टोकाला खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात आणि दुसऱ्या टोकाला एका धातूच्या पट्टीत अडकवलेल्या असतात. त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. आपल्याकडे तंबोऱ्यावर जिच्यावरून तारा जातात तिला आपण घोडी म्हणतो, तीच ही. फरक एवढाच की तंबोऱ्याला चारही तारांना मिळून एकच घोडी, आणि या बासच्या ब्रिजवर प्रत्येक तारेला पितळेचा वेगळा तुकडा. त्याला इंग्रजीत सॅडल म्हणतात, म्हणजे चक्क खोगीर! आपण म्हणायचं घोडी आणि त्यांनी म्हणायचं खोगीर, ही गंमत नातीला सांगितली तेव्हा ती खूप हसली. पण या घोडीवर खोगीरभरती मात्र एकही नाही. चार तारा, चार खोगिरं, आणि चौघांनाही काम आहे.

काम काय, तर तारेची लांबी ठरवणं. गिटारच्या दांड्यावर पडदे ठोकून पक्के केलेले असतात. ते सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येत नाहीत. या बासची ठरीव लांबी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६४ मिलिमीटर. बारावा पडदा बरोबर त्याच्या निम्म्यावर, तिथे दाबलं की वरच्या सप्तकातला तोच सूर यायला हवा. पण हाताने तार दाबली की ती किंचित ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. शिवाय जाड तार ताठ असते, टोकाशी ती मोकळी हलत नाही. त्यामुळे गणिताने काढलेली लांबी प्रत्यक्षात थोडी कमी पडते. ती वाढवायला खोगीर मागे सरकवावं लागतं. प्रत्येक तारेला वेगळं, आणि बहुधा जाड तारेला सगळ्यात जास्त. त्यासाठी प्रत्येक खोगिरात मागून एक लांब स्क्रू गेलेला असतो. तो पिळला की तुकडा मागेपुढे होतो. त्याच्यावर एक स्प्रिंग असते, ती तुकड्याला हलू देत नाही. आणि तार पडद्यापासून किती उंच ठेवायची, ते ठरवायला दोन बारीक उभे स्क्रू असतात. झालं! एवढंच ते यंत्र. पण यातलं एक खोगीर नसेल तर ती तार लावायलाच जागा नाही, आणि चारातली सगळ्यात जाड तार नसेल तर बास वाजवायची कशाला?

आमच्या बासचं नेमकं तेच खोगीर नव्हतं. जाड तारेचं, स्क्रू आणि स्प्रिंगसकट.

नात इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या मुलामुलींबरोबर बास वाजवते, दुसऱ्या कुणाची तरी मागून आणून. गणपतीची आरास काढायला माळ्यावर चढली आणि ही पेटी घेऊन खाली आली. धूळ पुसली, दांडा डोळ्यासमोर धरून एका डोळ्याने पाहिला, म्हणाली, "आजी, दांडा अजून सरळ आहे. धाकट्या आजोबांनी तारा सैल करून ठेवल्या होत्या, म्हणून वाचला." मग ब्रिजकडे पाहिलं आणि गप्प झाली.

गणपतीला भाचाही आला होता, म्हणजे भावाचाच मुलगा. तो पुण्यातल्या दुकानात फोटो पाठवून विचारून मोकळा झाला. दुकानदाराचं म्हणणं असं, की एवढ्या जुन्या गिटारचं एकच खोगीर मिळणार नाही, आख्खा ब्रिज बदला. नवा ब्रिज जुन्यापेक्षा भारी येतो, वजनदार असतो, आवाज जास्त वेळ टिकतो. साडेचार हजार रुपये. "आत्या, एकदाच काय ते चांगलं करून टाकू," असं भाच्याचं मत. ते वाईट नव्हतं. बापाची वस्तू वाजती व्हावी, हीच त्याचीही इच्छा होती. आणि पैसे तोच देणार होता.

नातीने मात्र स्टीलची पट्टी आणली आणि मोजायला बसली. नव्या ब्रिजची भोकं जुन्या भोकांवर बसत नव्हती. म्हणजे लाकडात नवी भोकं पाडायची, जुनी बुजवायची. शिवाय दोन तारांमधलं अंतरही वेगळं. म्हणजे एक नखाएवढा तुकडा हरवला म्हणून चाळीस वर्षांहून जुन्या लाकडाला पाच भोकं पाडायची, आणि बाकीची तीन चांगली खोगिरं पेटीत टाकून द्यायची! ती म्हणाली, "काका, हे एकदा केलं की परत मागे येता येणार नाही." तिथून वाद सुरू झाला.

मी ऐकत होते. आणि माझ्या डोक्यात स्वयंपाकघर येत होतं. कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर बदलतो का? शिट्टी हरवली तर शिट्टी आणतो. मिक्सर फिरेनासा झाला तर आधी खालचं कपलर बघतो, दहात आठ वेळा तेच झिजलेलं असतं. शिलाई मशीनची बॉबिन केस मी आयुष्यात चार वेळा बदलली असेल, मशीन तेच होतं. आमच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही. परवडत नव्हतं म्हणून आपोआप आलं. त्यामुळे त्याचं फार कौतुक करून घेण्यात अर्थ नाही. पण गरजेपोटी लागलेली सवय चुकीचीच असते असंही नाही.

तर मग एकटं खोगीर आणायचं कुठून? नातीने शोधाशोध केली. खोगिरं विकत मिळतात, नाही असं नाही. पण बाजारात सहज मिळणारी बरीचशी अमेरिकन मापाची. त्यांच्या स्क्रूचे आटे इंचाच्या हिशेबात पाडलेले. जपानी वाद्यांचे स्क्रू मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दीड-दोन फेरे आत जातातही, मग अडकतात. आणि तिथे जोर केला की पितळेचे आटे गेलेच समजा. दुसरी गोष्ट मला फार आवडली. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची अधिक चिन्हासारखी खाच सुद्धा आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या मापाची नसते. त्यांचं त्यांचं वेगळं राष्ट्रीय प्रमाण आहे. आपला ड्रायव्हर लावून जोर केला की तो घसरतो आणि खाच खराब होते. जुन्या जपानी वस्तूंचे स्क्रू पुष्कळदा कुरतडलेले दिसतात, त्याचं एक कारण हे. आपण मात्र म्हणतो, स्क्रू हलका होता!

जपानमध्ये जुने सुटे भाग विकणारे आहेत. पण चार खोगिरं एकत्र घ्यावी लागणार होती, टपाल आणि जकात वेगळी, आणि येऊन मापाला बसतील याची खात्री नाही.

शेवटी मी म्हटलं, "समोर तीन नमुने पडलेत, चौथा करून घेऊ." भाचा म्हणाला, "कोण करून देणार आत्या, एकच नग?" मी म्हटलं, "हे कुपवाड आहे." सांगलीबाहेर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सांगली-मिरजेच्या मध्ये कुपवाडची औद्योगिक वसाहत आहे. तिथे माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. दहावीला दोनदा बसलेला. शुद्धलेखन दिव्य होतं. आज त्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत.

जायच्या आधी मी मिरजेला एका सतारमेकरांकडेही जाऊन आले. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी दीड शतकाहून जास्त काळ आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ते बास गिटार करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण घोडीबद्दल विचारायचं तर त्यांनाच, असं मनात आलं. त्यांनी बास हातात घेतली, तीन खोगिरांवरून नख फिरवलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, धातू तोच ठेवा. बाकीची पितळेची आहेत तर हेही पितळेचंच. तीन तारांचा आवाज एक आणि चौथीचा दुसरा होता कामा नये. दुसरी, तार जिथे टेकते ती खाच गुळगुळीत हवी. तिथे जरा जरी कंगोरा राहिला तरी तार झणझणेल नाहीतर तिथेच तुटेल. जवारी काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तार कशी टेकते यापेक्षा महत्त्वाचं काय असणार?

कुपवाडला विद्यार्थ्याने आधी मला खुर्ची दिली, मग चहा सांगितला, आणि मग चष्मा लावून खोगीर व्हर्नियरमध्ये धरलं. आमच्याकडचे कारागीर अजूनही बोलताना सूत म्हणतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मी आपली शहाणपणा करून म्हणाले, "एक सूतभर स्क्रू असेल ना रे?" तो म्हणाला, "नाही बाई. हा तीन एमएम. सूतभर धरून टॅप मारला तर वाट लागेल." मग त्याने आट्यांचं माप घ्यायची पात्यापात्यांची पट्टी लावून दाखवली. अर्ध्या मिलिमीटरला एक आटा. पात्याचे दात स्क्रूच्या आट्यात बसले की मधून उजेड दिसत नाही. मी जन्मभर 'बरोबर' आणि 'जवळपास बरोबर' यातला फरक मुलांना सांगत आले. तो इतका स्पष्ट कधी दाखवता आला नव्हता.

पितळेच्या गोल सळीचा तुकडा कापणं, तो मापाला आणणं, मधोमध लांब स्क्रूसाठी भोक, दोन्ही बाजूंना उभ्या स्क्रूंसाठी भोकं, त्यात आटे, वर तारेसाठी खाच आणि शेवटी पॉलिश. दीड तास लागला. लांब स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातल्या तीन एमएमच्या खोक्यातून मिळाला, तो कापून घेतला. स्प्रिंग मिळेना. ती मिळाली माझ्या पर्समधल्या बॉलपेनात, कात्रीने मापाला कापून. त्याने आठशे रुपये घेतले. मी दिले आणि मला बरं वाटलं. 'बाई, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे' असं तो म्हणाला असता तर मला संकोच वाटला असता.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कारखान्यात हजारांनी निघणारं खोगीर शे-दोनशेला पडत असेल. आमच्या एकट्या तुकड्याला आठशे लागले. लेथ लावणं, माप घेणं, हत्यार बदलणं याला जो वेळ लागतो तो एका नगाला आणि शंभर नगांना जवळजवळ सारखाच. दुरुस्ती महाग आणि नवं स्वस्त वाटतं, त्याचं कारण हे आहे. दुकानदार लबाड असतो असं नाही. त्याला दोन तास घालवून एक तुकडा बसवण्यात काही सुटत नाही. म्हणून तो आख्खा ब्रिज सुचवतो. तेव्हा दुरुस्ती करा, दुरुस्ती करा असा नुसता उपदेश करून भागणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या वेळेचे पैसे द्यायची आपली तयारी हवी. तिथे आपण घासाघीस करतो, आणि मग कारागीर उरले नाहीत म्हणून हळहळतो.

दुसरी बाजू कंपन्यांची. सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि त्यांची मापं माहीत असली पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये यासाठी एक समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं येतात. वाद्यं त्यात नाहीत, पण तत्त्व तेच. वस्तू विकत घेतली तर ती उघडायचा आणि नीट करायचाही हक्क आपला असायला हवा.

गंमत म्हणजे ही बास ज्या कंपनीची, त्या कंपनीचा जन्मच मुळी एका दुरुस्तीतून झालेला आहे, आणि तीही शाळेतल्या. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावातल्या एका प्राथमिक शाळेतला अमेरिकन ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाचा एक माणूस गावात यंत्रं दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं तर आतल्या दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या. त्या त्याने नीट केल्या. पण उघडलाच आहे तर आतली सगळी रचना त्याने उतरवून घेतली आणि एका धातुकाम करणाऱ्या कारागिराला सोबत घेऊन स्वतःच ऑर्गन बनवला. तो दोघांनी काठीला बांधून खांद्यावरून हाकोनेचा घाट चढून टोकियोला नेला, जवळपास अडीचशे किलोमीटर. तिथल्या संगीत संस्थेत सांगितलं गेलं, बांधणी ठीक आहे पण सूर बरोबर नाहीत. हा माणूस तिथेच राहून सुरांचं शास्त्र शिकला, परत गेला आणि दुसरा ऑर्गन केला. तो मान्य झाला. १८९७ साली कंपनी उभी राहिली, तिचं नाव निप्पॉन गाक्की. आमची बास आली तेव्हाही कंपनीचं नाव तेच होतं, यामाहा हे नाव कंपनीला १९८७ साली मिळालं. दोन स्प्रिंगा तुटल्या म्हणून त्या शाळेने ऑर्गन टाकून दिला असता तर काय झालं असतं, असा निबंधाचा विषय मी मुलांना नक्की दिला असता!

पण 'तेवढंच बदला' हा नियम डोळे मिटून लावायचा नसतो, हेही सांगते. ब्रिजची पट्टीच वाकली असती, सगळे स्क्रू गंजून आटे गेले असते, तर नवा ब्रिज हाच शहाणपणा होता. कुकरची सेफ्टी व्हॉल्व्ह कुणी लेथवर करून घेऊ नये, ती कंपनीचीच घ्यावी. तिथे जिवाशी गाठ असते. माझं म्हणणं एवढंच, की आधी विचारावं, गेलंय नेमकं काय? आणि जे करू ते उद्या कुणाला उलटवता येईल का? आमचं पितळी खोगीर उद्या कुणालाही काढून दुसरं बसवता येईल. लाकडातली भोकं काढता येणार नाहीत.

घरी आल्यावर नातीने नव्या तारा लावल्या. जुन्या तारांवर सूर जुळवण्यात अर्थ नसतो म्हणाली. मोबाइलमधल्या ट्यूनरसमोर बसून बाराव्या पडद्यावर आधी तारेला नुसतं बोट टेकवून छेडायची, मग तोच पडदा दाबून छेडायची. दोन्ही सूर एक यायला हवेत. दाबलेला चढत होता. तार सैल करायची, मागचा स्क्रू थोडा पिळून खोगीर मागे घ्यायचं, तार परत चढवायची, परत बघायचं. पाच-सहा वेळा केल्यावर काटा मधोमध थांबला. तिने चारही तारा एकामागून एक वाजवल्या. भाचा दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबांचा आवाज." आणि आत निघून गेला. त्यानंतर ब्रिजचा विषय त्याने काढला नाही.

एक छोटा वाद मात्र राहिला होता. तीन खोगिरं काळपटलेली आणि चौथं झगझगीत. भाच्याने सुचवलं की मीठ-व्हिनेगर लावून तेही जुनं दिसेल असं करता येतं. मी नको म्हटलं. इथेच मला माझा हिशेब सांगायचा आहे.

शाळेत हजेरीपटावर किंवा गुणपत्रकावर चूक झाली, तर ब्लेडने खरवडून वर लिहायचं नाही, असा दंडक होता. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. मूळ आकडा वाचता आला पाहिजे, कुणी बदलला तेही कळलं पाहिजे. हा दंडक मी नोकरीभर पाळला. नव्या शिक्षकांना शिकवला.

ते खोगीर हरवलं कसं, हे मला माहीत होतं. १९९४ साली भावाने बोट सोडली आणि पुण्याला लहान जागेत राहायला गेला, तेव्हा बास माझ्याकडे ठेवली. जाण्याआधी ब्रिज सुटा करून गंज काढत बसला होता. तीन खोगिरं परत बसवली, चौथ्याला तेल पाजून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलं आणि म्हणाला, "ताई, ही पुडी जपून ठेव, पुढच्या खेपेला लावतो." मी ती शिलाई मशीनच्या खणात ठेवली. पुढे घराला रंग काढला तेव्हा खण रिकामा केला, आणि जुन्या समया, घंटी, मोडक्या कड्या यांच्याबरोबर ती पुडीही पितळेच्या मोडीत गेली. मोडवाल्याच्या तराजूत पडताना मी ती पाहिली होती. मला वाटलं, असेल काहीतरी किडूकमिडूक.

२०११ साली गणपतीला आला तेव्हा भावाने पेटी उघडली आणि विचारलं, "ताई, ती पुडी?" मी म्हणाले, "कुठली पुडी? मला नाही आठवत." त्याने पेटीच्या अस्तरात बघितलं, कॉटखाली बघितलं, मग म्हणाला, "राहू दे. आता कुठे वाजवायचंय." आणि पेटी बंद केली. तो फिटर होता. एका दुपारीत नवं करून लावलं असतं त्याने. का नाही केलं, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला माझं सांगावं लागलं असतं. २०१९ साली तो गेला.

गणपती गेल्यावर एका संध्याकाळी नातीला आणि भाच्याला बसवून मी हे सगळं सांगितलं. भाचा म्हणाला, "आत्या, एवढ्याशा गोष्टीचं काय." नात काहीच बोलली नाही. तिने वहीतलं एक पान फाडून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं. बासच्या पेटीत आता ती चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलं आहे:

'जाड तारेचं खोगीर मूळचं नाही. मूळचं माझ्याकडे जपायला दिलं होतं, ते माझ्या हातून मोडीत गेलं आणि मी ते सांगितलं नाही. हे नवं २०२५ साली कुपवाडला पितळेचं करून घेतलं. स्क्रू तीन मिलिमीटर. स्प्रिंग बॉलपेनातली आहे, चांगली मिळाली तर बदलावी.'

खाली सही केली आहे, तारखेसकट.